श्रद्धा आणि तर्क : शास्त्रांचा व संतांचा विचार

कोणत्याही क्षेत्राच्या दर्शनबारीत एक प्रश्न हटकून ऐकू येतो. कधी तो शाळकरी मुलाच्या तोंडी असतो, कधी आईवडिलांच्या आग्रहास्तव आलेल्या एखाद्या तरुणाच्या, तर कधी अवघे आयुष्य वारी करून थकलेल्या वृद्धाच्या. देव आहे हे कशावरून मानावयाचे? त्याला पुरावा काय? या प्रश्नाची दोन तयार उत्तरे समाजात प्रचलित आहेत. देवाधर्माच्या बाबतीत बुद्धी चालवू नये, केवळ श्रद्धा ठेवावी, हे एक. आणि बुद्धीला पटत नाही ते सारे त्याज्य, हे दुसरे. दोन्ही उत्तरे विचारणाऱ्याला गप्प करतात, समाधान मात्र कोणतेच करीत नाही. शिवाय पहिले उत्तर धर्माचे म्हणून दिले जात असले, तरी आपल्या शास्त्रांत आणि संतवाङ्मयात ते तशा स्वरूपात सापडत नाही. तेथे जे सापडते ते अधिक सूक्ष्म आहे. भाविकांना त्याचा परिचय व्हावा, यासाठी हे विवेचन.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘श्रद्धा’ हा शब्द ‘श्रत्’ आणि ‘धा’ यांपासून बनला आहे. ‘निघंटु’ या प्राचीन वैदिक शब्दसंग्रहात ‘श्रत्’ हा शब्द सत्याच्या नामांमध्ये दिलेला आहे. म्हणजे जेथे सत्य आहे असे जाणून चित्त ठेवले जाते, ती श्रद्धा. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ याच शब्दाचे नाते ‘हृदय’ या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात. कोणतीही व्युत्पत्ती घेतली तरी डोळे मिटून मान डोलविणे हा अर्थ त्यातून निघत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला देवता मानून तिच्यावर एक स्वतंत्र सूक्तच रचलेले आहे. तेव्हा श्रद्धेचे माहात्म्य आपल्या परंपरेत प्रारंभापासून आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो, की या श्रद्धेचे बुद्धीशी नाते कसे आहे?

नचिकेत्याचा प्रश्न

या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर कठोपनिषदाच्या कथेत दडलेले आहे. वाजश्रवस नावाच्या यजमानाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ आरंभिला. परंतु दक्षिणेत गाई दिल्या त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या. त्याचा पुत्र नचिकेता हा त्या वेळी अगदी कुमारवयाचा होता. त्या गाई नेल्या जात असताना या मुलामध्ये श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद् सांगते. आता श्रद्धा अंगी आल्यावर मुलाने काय करावे, अशी आपली अपेक्षा असते? पित्याच्या चरणी मस्तक ठेवावे, यज्ञाला वंदन करावे. नचिकेत्याने तसे केले नाही. तो विचार करू लागला. असले दान देणाऱ्याला कोणते लोक प्राप्त होणार, असे त्याच्या मनात आले, आणि त्याने पित्याला विचारले : बाबा, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा विचारले. संतापून पिता म्हणाला, तुला मृत्यूला देतो.

येथे थांबून लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की नचिकेत्याचा यज्ञावर अविश्वास नव्हता. यज्ञावर पित्यापेक्षा त्याचीच श्रद्धा अधिक होती, म्हणून तर त्याला त्या यज्ञातील खोट सहन झाली नाही. ज्याची श्रद्धा नसते त्याला असले प्रश्न पडत नाहीत. तो म्हाताऱ्या गाई मोजतो आणि निघून जातो.

पुढे हा बालक यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, त्याला तीन वर मिळाले आणि तिसऱ्या वराने त्याने मृत्यूनंतर काय असते हेच विचारले. यमाने त्याला पुत्रपौत्र, गाई, हत्ती, सुवर्ण, दीर्घायुष्य असे सर्व काही देऊ केले. त्याने ते नाकारले व प्रश्नाला चिकटून राहिला. तेव्हा यमधर्म जे म्हणाले, त्यातील अर्धा भागच बहुधा सांगितला जातो. आत्मविद्येची ही बुद्धी तर्काने प्राप्त होणारी नाही, हा तो अर्धा भाग. प्रवचनांतून तो वारंवार येतो आणि तर्काविरुद्ध प्रमाण म्हणून पुढे केला जातो. परंतु त्याच मंत्राच्या अखेरीस यमधर्म असेही म्हणतात, की नचिकेत्या, तुझ्यासारखे प्रश्न विचारणारे आम्हाला लाभोत. तर्काने ज्ञान मिळत नाही आणि प्रश्न विचारणारा शिष्य मात्र हवा, या दोन गोष्टी एकाच मंत्रात, एकाच श्वासात सांगितल्या आहेत. मंत्राचा एक भाग ठेवून दुसरा गाळणे म्हणजे म्हातारी गाय दान देण्याचाच प्रकार होय.

आचार्यांनी आखलेली मर्यादा

तर्क अपुरा का, याचे कारण श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात फार स्पष्टपणे दिले आहे. एका बुद्धिमंताने कुशलतेने मांडलेला तर्क त्याहून बुद्धिमान दुसरा खोडून काढतो, आणि त्याचा तर्क तिसरा. कपिल आणि कणाद हे दोघेही थोर मानले गेले, तरी त्यांची मते परस्परांशी जुळत नाहीत. तेव्हा केवळ तर्काच्या पायावर अंतिम सत्य उभे करता येत नाही. हे मांडताना आचार्यांनी पूर्वपक्षाकडून एक चतुर आक्षेपही वदवून घेतला आहे : तर्क अस्थिर आहे हे तुम्ही कशाने ठरविले? तर्कानेच ना? आचार्य हा आक्षेप टाळत नाहीत. व्यवहारात व श्रुतीचा अर्थ लावण्यात तर्काची आवश्यकता ते मान्य करतात. जे इंद्रियांच्या कक्षेत येतच नाही, त्याविषयी निराधार तर्क चालत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असून तिचा उल्लेख क्वचित होतो. गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात आचार्यांनी म्हटले आहे, की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होणार नाही. वेदप्रामाण्याचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता हे म्हणतो, हे ध्यानात घ्यावे. जे डोळ्यांनी दिसते, हाताला भाजते, त्याच्याविरुद्ध धर्मग्रंथाचा आधार घेता येत नाही. ग्रंथाचा अधिकार जेथे प्रत्यक्ष व अनुमान पोहोचत नाही तेथे सुरू होतो. आणि तेथेही, ब्रह्मविचाराचा शेवट अनुभवात होत असल्यामुळे अनुभवालाही प्रमाणाचे स्थान आहे, असे ते ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच सांगून ठेवतात.

बृहदारण्यक उपनिषदाने आत्मज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. गुरुमुखातून ऐकणे, ऐकलेल्यावर युक्तीने विचार करणे आणि मग त्यात चित्त मुरविणे. मधली पायरी गाळून तिसरीवर उडी मारण्याची सोय शास्त्राने ठेवलेली नाही. यास्काचार्यांच्या ‘निरुक्ता’च्या परिशिष्टात तर एक मोठी मनोहर कथा आहे. ऋषी या लोकातून जाऊ लागले तेव्हा माणसांनी देवांना विचारले, आता आमचा ऋषी कोण? देवांनी माणसांना ऋषी म्हणून ‘तर्क’ दिला.

जगन्नाथाच्या दारातील पंडित

तर्काने ईश्वर सिद्ध होतो, असे मानणारेही आपल्यात होऊन गेले, आणि तेही परमभक्त होते. मिथिलेचे उदयनाचार्य दहाव्या शतकात झाले. त्यांच्या ‘लक्षणावली’ या ग्रंथात शके ९०६ म्हणजे इ.स. ९८४ हा काळ नोंदलेला आहे. ‘न्यायकुसुमांजलि’ हा त्यांचा ग्रंथ म्हणजे शब्दशः ईश्वराच्या चरणी वाहिलेली तर्काच्या फुलांची ओंजळ. घट पाहिला की कुंभाराचे अनुमान होते. जगही कार्य आहे, तेव्हा त्याचाही कर्ता असला पाहिजे, या दिशेने जाणारी अनेक अनुमाने त्यांनी मांडली. परंतु ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी आपली भूमिका सांगितली आहे ती मोलाची : ईश्वराविषयीची ही न्यायचर्चा म्हणजे श्रवणानंतरचे मनन होय, आणि ती उपासनाच आहे.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका पंडितांत सांगितली जाते. उदयनाचार्य जगन्नाथपुरीस गेले असता मंदिराचे दार बंद होते. तेव्हा ते भगवंतावर रागावून म्हणाले, की ऐश्वर्याच्या मदात मला विसरलास; पण बौद्ध पंडित चालून आले म्हणजे तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून असते! आख्यायिका खरी असो वा नसो, देवाशी भांडण्याचा हा हक्क महाराष्ट्रातील भाविकांना नवा वाटणार नाही. जनाबाईंनी विठ्ठलाला याहून कठोर शब्द ऐकविले आहेत.

याउलट भक्तिमार्गाचे महान आचार्य श्रीरामानुज यांनी मात्र असल्या अनुमानांनी ईश्वर सिद्ध होत नाही, असे श्रीभाष्यात सांगितले. त्यांची विचारसरणी सामान्य माणसालाही समजण्यासारखी आहे. घटाचा कर्ता कुंभार, हे खरे. पण तो कुंभार देहधारी असतो, त्याची शक्ती मर्यादित असते. मोठा प्रासाद पाहिला तर तो एका हाताने झालेला नसतो. अनेक कारागिरांनी, वेगवेगळ्या काळी तो उभा केलेला असतो. मग जगाकडे पाहून अनुमानच करावयाचे, तर त्याचे कर्ते अनेक असतील, तेही अपूर्ण असतील, असे का मानू नये? अनुमान जितके पुढे न्यावे तितका हाती येणारा ईश्वर आपल्यासारखाच होत जातो. म्हणून सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, परमकारुणिक अशा पुरुषोत्तमाचे ज्ञान शास्त्रावाचून होत नाही.

कोणत्याही जुन्या दगडी मंदिराच्या प्रदक्षिणामार्गावर उभे राहिले की रामानुजांचा हा मुद्दा डोळ्यांपुढे येतो. पाया एका पिढीचा, शिखर दुसरीचे, सभामंडप तिसरीचा. सूक्ष्म गोष्ट ही, की तर्क अपुरा आहे हे रामानुजांनी तर्कानेच दाखविले, आणि तेही विलक्षण काटेकोर तर्काने. उदयन आणि रामानुज या दोघांमध्ये भक्त कोण आणि तार्किक कोण, असे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. दोघेही दोन्ही होते.

परशू आणि मोदक

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विषयावरील सर्वांत देखणे चित्र श्रीज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात रेखाटले आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या मंगलाचरणात अवघे वाङ्मय म्हणजे गणेशाची मूर्ती, असे रूपक आहे. सहा दर्शने हे त्या मूर्तीचे सहा हात. ती परस्परांशी भांडतात, म्हणून त्या हातांत शस्त्रे आहेत! तर्क हा त्यातला परशू. वेदान्त हा गोड रसाने भरलेला मोदक. निर्मळ विवेक ही सरळ सोंड. संवाद हा शुभ्र दात. गणेशभक्तांनी हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणून पाहावे. एका हातात परशू आणि दुसऱ्या हातात मोदक धरणारा देव एकच आहे. परशू काढून घेतला तर मूर्ती खंडित होते; आणि खंडित मूर्तीची पूजा होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

याच ज्ञानेश्वर महाराजांनी ‘अमृतानुभवा’त याहून धीट पाऊल टाकले. ज्ञान हेही एक बंधनच आहे, असा सिद्धान्त तिसऱ्या प्रकरणात मांडताना त्यांनी शिवसूत्रांचा व श्रीकृष्णाच्या वचनाचा आधार दिला. आणि लगेच सांगितले, की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले म्हणून आपण हे मानतो असे नाही. त्यांनी म्हटले नसते तरी ते तसेच असते. आधीचे अख्खे प्रकरण श्रीगुरू निवृत्तिनाथांच्या स्तवनाला वाहिलेल्या ग्रंथातील हे वाक्य आहे. गुरूपुढे संपूर्ण नम्रता आणि सत्यापुढे संपूर्ण स्वातंत्र्य, असा हा मिलाफ आहे. त्याला उद्धटपणा म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण तो अनुभवाचा बोल होता.

पुढे सुमारे तीन शतकांनी पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांना ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींमध्ये अशुद्ध पाठ शिरलेले आढळले. श्रद्धावान माणसाने पोथी जशी मिळाली तशी वंदनीय मानावी, अशी समजूत असेल तर नाथांनी त्या पोथ्यांना हात लावावयास नको होता. त्यांनी मात्र शुद्ध पाठाचा शोध घेऊन शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत, अशी ताकीदही दिली. आज घरोघरी जी ज्ञानेश्वरी वाचली जाते, तिच्यामागे हे परिश्रम आहेत. पोथीवर नितांत श्रद्धा होती म्हणूनच तिच्यातील चुका शोधण्याचे कष्ट त्यांनी घेतले. समर्थ रामदासस्वामींचा ‘दासबोध’ उघडला तरी ‘प्रचीती’ आणि ‘प्रत्यय’ हे शब्द पानोपानी भेटतात.

कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेथील प्रसंग वारकऱ्यांत सुप्रसिद्ध आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले, तुम्ही मडकी पारखता. या मडक्यांत कच्चे कोणते ते सांगा पाहू. गोरोबाकाकांनी थापटणे घेतले व प्रत्येकाच्या मस्तकावर मारून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेव महाराज तेवढे रागावले. निकाल लागला : हे मडके कच्चे.

परंपरेनुसार नामदेव महाराजांशी पांडुरंग प्रत्यक्ष बोलत असे, त्यांच्या हातचा नैवेद्य खात असे. श्रद्धेच्या दृष्टीने त्यांच्यात उणे काढण्यासारखे काहीच नव्हते. तरीही ते कच्चे ठरले. ते गाऱ्हाणे घेऊन पंढरपुरास गेले, तर देवानेच त्यांना गुरूकडे पाठविले. औंढ्या नागनाथास येऊन पाहतात तो विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना हे कसे सहन व्हावे? विसोबा म्हणाले, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतात तेथे लिंग प्रकट होते. हा चमत्कार म्हणून ऐकण्याची कथा आहेच. परंतु त्याहून अधिक ती एका प्रश्नाची कथा आहे. देव पंढरीतच आहे, ही नामदेवांची श्रद्धा खरी होती, पण अपुरी होती. विसोबांनी ती मोडली नाही. त्यांनी एक असा प्रश्न घातला, की ती श्रद्धा आपोआप विस्तारली.

असाच प्रकार एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये घडला. ब्राह्मसमाजात जाणारा, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचलेला नरेंद्रनाथ दत्त हा तरुण १८८१ च्या सुमारास श्रीरामकृष्ण परमहंसांच्या सहवासात आला. आपण ईश्वर पाहिला आहे काय, हा प्रश्न तो सर्वांना विचारीत असे. पाहिला आहे, असे सरळ उत्तर त्याला दक्षिणेश्वरी मिळाले. तरी त्याने ते लगेच मानले नाही. परमहंसांना पैशाचा स्पर्श सहन होत नाही हे खरे की खोटे, हे पाहण्यासाठी त्याने एकदा त्यांच्या बिछान्याखाली गुपचूप रुपया ठेवून पाहिला, असे चरित्रकार सांगतात. परमहंस रागावले नाहीत. सराफ नाणे वाजवून घेतो तशी माझी पारख करून घ्या, असेच ते शिष्यांना म्हणत. हा नरेंद्र म्हणजेच पुढे स्वामी विवेकानंद.

श्रद्धा चुकीच्या ठिकाणी बसते तेव्हा

श्रद्धा असली की ती योग्यच असते, असे भगवद्गीता मानीत नाही. सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगून, शास्त्राने न सांगितलेली, शरीराला पीडा देणारी घोर तपे दंभाने करणाऱ्यांची गणना भगवंतांनी आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. ज्याची जशी श्रद्धा तसा तो माणूस, हे वचन आपण अभिमानाने सांगतो. पण त्याचा अर्थ, श्रद्धा बिघडली तर माणूसही बिघडतो, असाही होतो. तेव्हा आपली श्रद्धा कोणत्या जातीची आहे हे पाहणारा कोणीतरी हवा. तो म्हणजे विवेक. संत तुकाराम महाराजांनी नवसांवर कोरडे ओढताना, नवसानेच मुले होत असती तर लग्नाचे प्रयोजन काय, असा रोखठोक सवाल केला. मंदिराच्या पुस्तिकेत हा दाखला गैरसोयीचा वाटेल. परंतु महाराजांचे नाव घ्यावयाचे आणि त्यांचा हा सवाल वगळावयाचा, हे योग्य नव्हे.

हा केवळ चर्चेचा विषय नाही. सर्पदंश झालेल्या माणसाला रुग्णालयात नेण्याऐवजी देवळाच्या ओट्यावर किंवा मांत्रिकाकडे नेल्याने प्राण गमावल्याची उदाहरणे खेड्यापाड्यांतून ऐकू येतात. यातील प्रत्येक घटका मोलाची असते. विषावर उतारा म्हणून प्रतिविषाची लस आहे आणि ती रुग्णालयातच मिळते. आचार्यांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे प्रश्न थंड अग्नीचा आहे. विष हे प्रत्यक्षाच्या प्रांतातले आहे. तेथे श्रुतीला साक्षीला बोलावू नये. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा प्रतिबंधक कायद्याने सर्प, श्वान वा विंचू यांच्या दंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून कोणाला रोखणे व त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. त्याच कायद्याने पूजाअर्चा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना बाधा येणार नाही, हेही स्पष्ट केले आहे. कायद्याविषयी भाविकांमध्ये पुष्कळ गैरसमज पसरले होते, म्हणून हा उल्लेख. रुग्णाला आधी रुग्णालयात न्यावे. अंगारा नंतरही लावता येतो.

जमीन हादरली तेव्हा

सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो तो संकटात. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा निजले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि हजारो माणसे दगावली. ज्यांनी काही तासांपूर्वी देवाला निरोप दिला, त्यांच्यावर हा प्रसंग का यावा? कोणाचे पाप म्हणून, असे म्हणणारे लोक अशा वेळी पुढे येतात. ते क्रूर आहे. भूकंप का झाला याचे उत्तर भूगर्भशास्त्रज्ञांकडे आहे. घरे का पडली याचे उत्तर जड मातीची धाबी आणि कच्च्या जोडणीच्या जाड दगडी भिंती यांत आहे. ही उत्तरे मिळविणे तर्काचे काम, आणि पुढची घरे त्यानुसार बांधणे हे कर्तव्य.

या बाबतीत थोरांमध्येही मतभेद झाले आहेत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हे अस्पृश्यतेच्या पापाचे शासन होय, असे महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यतेविषयी गांधीजींशी पूर्ण सहमत असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी याला जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनांना भौतिक कारणे असतात, आणि असा युक्तिवाद विरोधकही तितक्याच सहजपणे आपल्या बाजूने वापरू शकतील, असा त्यांचा आशय होता. गांधीजींनी रवींद्रनाथांचे ते निवेदन आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापले व सोबत आपले उत्तरही दिले. आपल्या श्रद्धेवर ते ठाम राहिले. अस्पृश्यता हे पाप होते यात शंका नाही. तरीही भूकंपाच्या कारणाविषयी रवींद्रनाथांचेच म्हणणे मान्य करावे लागते. ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्य मानलेली माणसेही होती.

मग अशा वेळी श्रद्धेला काही काम उरते काय? उरते, पण ते वेगळे आहे. आपले माणूस गेल्यावर, का गेले याचे वैद्यकीय कारण कळून दुःख कमी होत नाही. उद्या चूल कशासाठी पेटवावी, याचे उत्तर अनुमानाने मिळत नाही. ते देणारी शक्ती, मग तिला कोणी पांडुरंग म्हणो वा आई भवानी, तर्काच्या कक्षेबाहेरून येते. ज्यांना ती आली त्यांना तिचा पुरावा मागण्याचे कारण पडत नाही; आणि ज्यांना ती आली नाही, त्यांना श्रद्धा कमी पडली असे म्हणून दुखविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दात्यांसाठी दोन शब्द

दानाच्या बाबतीत तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा स्पष्ट आहे. दान श्रद्धेने द्यावे, अश्रद्धेने देऊ नये. परंतु त्याच ओघात ते समजून उमजून, जाणिवेने द्यावे, असेही सांगितले आहे. आणि गीतेने सात्त्विक दानाला देश, काल व पात्र पाहण्याची अट घातली आहे. म्हणून दात्याने दिलेल्या रकमेची पावती मागणे, ती कोणत्या कामी लागली याची चौकशी करणे, यात अश्रद्धा काहीच नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांविषयीच्या १९५० च्या कायद्यान्वये हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे. दर्शनबारीत कोणी परस्पर पैसे मागून शीघ्र दर्शनाचे वा विशेष पूजेचे आश्वासन दिल्यास ते देऊ नयेत, कार्यालयात कळवावे. नचिकेत्याने पित्यालाही विचारले होते.

राहता राहिले ते भाविकांसोबत येणारे, पण स्वतः भाविक नसलेले. आईला घेऊन आलेला मुलगा मंडपात खांबाला टेकून उभा राहतो, हात जोडत नाही. पुष्कळदा घरची मंडळी त्याच्यावर रागावतात, ओढून गाभाऱ्याकडे नेतात. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : संकटात सापडलेला, जाणू इच्छिणारा, काही मागणारा आणि ज्ञानी. प्रश्न घेऊन उभा असलेला जिज्ञासू दुसऱ्या क्रमांकावर आहे, नवस घेऊन आलेला त्याच्या मागे. संशयी माणसाचा नाश होतो असे गीता म्हणते, हे खरे. पण तो संशय उत्तर नकोच असलेल्याचा. उत्तर शोधणाऱ्याला त्याच अध्यायात, त्याच्या थोडेसे आधी, प्रणाम करून, प्रश्न विचारून आणि सेवेने ज्ञान मिळव, असा उपदेश आहे. आणि अठराव्या अध्यायात, सारे सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर, असे श्रीकृष्णांनी अर्जुनाला सांगितले. त्यांनी आज्ञा केली असती तरी चालले असते.

उदयनाचार्यांच्या ग्रंथाचा शेवटही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सर्व प्रतिपक्षांचे खंडन करून झाल्यावर हा कठोर पंडित देवाकडे एक मागणे मागतो. इतक्या युक्ती ऐकूनही ज्यांच्या अंतःकरणात तू प्रवेश करीत नाहीस त्यांची मने लोखंडाची असतील; पण तुझ्याविरुद्ध वाद घालताना तेही अखेर तुझेच चिंतन करीत असतात. तेव्हा हे दयानिधे, योग्य वेळी त्यांनाही तूच तारून ने.